जठराचा कर्करोग आणि पुढचे सांगणाऱ्या खुणा

घरातल्या कोणाला कर्करोग झाला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे नातेवाइकांचा पहिला प्रश्न पुष्कळदा औषधाचा नसतो. रोग्याला बाहेरच्या बाकावर बसवून मुलगा किंवा भाऊ आत जातो आणि हळूच विचारतो, "डॉक्टर साहेब, आता किती दिवस?" हा प्रश्न धारणीचा माणूस विचारतो आणि मुंबईचाही विचारतो. त्यामागे नुसते कुतूहल नसते, संसाराचा हिशेब असतो. वावर विकावे काय? बैलजोडी मोडावी काय? पोरीचे लग्न आधी उरकून घ्यावे काय? अशा दहा गोष्टी त्या एका प्रश्नात दडलेल्या असतात.

डॉक्टर बहुधा मोघम उत्तर देतात. ते काही लपवतात म्हणून नव्हे. एकाच वयाचे दोन रोगी, दोघांचा रोग सारखाच पसरलेला, दोघांवर सारखीच शस्त्रक्रिया झालेली. पण एक पाच वर्षांनी शेतात डवरणी करताना दिसतो आणि दुसऱ्याचा रोग वर्षाच्या आत उलटतो. असे का होते, याचे उत्तर शास्त्रज्ञ गेली पंचवीस-तीस वर्षे पेशीच्या आत शोधीत आहेत. त्या शोधात एक नवी वस्तू त्यांच्या हाती लागली. तिचे नाव आहे प्रथिने न घडवणारा आर.एन.ए. तो काय आहे, रोगाच्या पुढील वाटचालीविषयी तो काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा मनुष्य आहे. तेव्हा औषध सांगणार नाही. विषय मात्र सोपा करून सांगण्याचा प्रयत्न करीन.

प्रथम जठर म्हणजे काय ते पाहू. आपण खाल्लेले अन्न गळ्याखालच्या नळीतून ज्या पिशवीत जाऊन पडते, ती पिशवी म्हणजे जठर. तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी बेबंद वाढू लागल्या की त्याला जठराचा कर्करोग म्हणतात. २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रोगी आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसे त्याने दगावली. जपान, कोरिया, चीन या देशांत त्याचे प्रमाण मोठे आहे. आपल्या देशात मिझोराममध्ये ते सर्वांत जास्त आहे. तिकडे धुरावलेले मांस खाण्याची आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी तोंडात धरण्याची चाल आहे, आणि अभ्यासकांनी त्या चालींकडे बोट दाखवले आहे.

हा रोग होतो कशाने? पुष्कळ वर्षे लोक मसाल्याला आणि काळजीला दोष देत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी जठरात राहणारा एक वळणदार जंतू वेगळा काढून दाखवला. जठरातल्या आम्लात जंतू जगतो हे कोणी मानीना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन आपल्या जठराला सूज आणून दाखवली! पुढे १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरीला, कर्करोगाचे एक निश्चित कारण म्हणून नोंदवले आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जोडीला तंबाखू, फार खारट आणि धुरावलेले अन्न, ताज्या भाज्या-फळांची कमतरता ही कारणे आहेतच. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा जंतू आपल्याकडे असंख्य लोकांच्या पोटात असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. म्हणजे जंतू शिरला तरी पुढे काय घडेल, हे पेशीच्या आतल्या कारभारावरही अवलंबून आहे.

आता त्या कारभाराकडे वळू. आपल्या गावाचे एक मूळ दप्तर असते. कोणाची जमीन किती, कोणत्या गटात, हे सारे त्यात लिहिलेले असते. मूळ दप्तर कोणी घरी नेत नाही. काम पडले की आपण त्याची नक्कल काढतो आणि त्या नकलेवर पुढची कामे होतात. पेशीतही असेच आहे. पेशीच्या केंद्रातला डी.एन.ए. हे मूळ दप्तर. त्याची नक्कल म्हणजे आर.एन.ए. त्या नकलेबरहुकूम पेशी प्रथिने तयार करते, आणि शरीराची बहुतेक कामे ही प्रथिनेच करतात. रक्तातला प्राणवायू वाहणारे, अन्न पचवणारे, स्नायू आकसवणारे, हे सारे पदार्थ प्रथिनेच होत.

२००१ मध्ये मानवाच्या या दप्तराचा पहिला खर्डा प्रसिद्ध झाला, तेव्हा शास्त्रज्ञ थोडे चक्रावले. दप्तरात अक्षरे सुमारे तीनशे कोटी. पण प्रथिने घडवण्याची कृती सांगणारा मजकूर शेकडा एक-दोन टक्केच निघाला. अशी कृती सांगणारी प्रकरणे, म्हणजे जनुके, सुमारे वीस हजार. मग बाकीचा मजकूर कशासाठी? पूर्वी काही लोक त्याला सरळ रद्दी म्हणत. पुढे दिसून आले की त्या मजकुराच्याही पुष्कळ भागाच्या नकला निघतात. पण त्या नकलांवरून प्रथिन तयार होत नाही. या नकला म्हणजेच प्रथिने न घडवणारा आर.एन.ए.

तो करतो काय? गावचा कोतवाल आठवा. तो नांगर धरीत नाही की कायदा लिहीत नाही. पण कोणाला चावडीवर बोलवायचे, कोणते काम थांबवायचे, हे त्याच्या निरोपावर चालते. या आर.एन.ए.पैकी काहींचे काम असेच आहे. एखादी नक्कल वाचू द्यायची की अडवायची, काम वाढवायचे की थांबवायचे, यात त्यांचा हात असतो.

हे प्रथम कळले ते एका किड्यामुळे. सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या गोल किड्यावर अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन हे दोघे काम करीत होते. १९९३ मध्ये त्यांनी दाखवले की या किड्यात एक अगदी आखूड, सुमारे बावीस अक्षरांचा आर.एन.ए. असतो. तो दुसऱ्या एका नकलेला जाऊन चिकटतो आणि तिच्यावरून प्रथिन होऊ देत नाही. किड्याचे हे प्रकरण किड्यापुरतेच असावे, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. पण २००० मध्ये असाच दुसरा एक आखूड आर.एन.ए., ज्याला लेट-सात म्हणतात, तो किड्यापासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा सापडला, आणि जग जागे झाले. या शोधासाठी दोघांना २०२४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आखूड जातीला सूक्ष्म आर.एन.ए. म्हणतात. दोनशेहून अधिक अक्षरांचा तो लांब आर.एन.ए., आणि ज्याची दोन्ही टोके जुळून कडे बनलेले असते तो वलयाकार आर.एन.ए. अशा या कोतवालांच्या जाती आहेत.

आता कर्करोगाशी याचा संबंध कसा? कोतवालच चुकीची दवंडी पिटू लागला तर गावाचा कारभार बिघडणारच. वर सांगितलेला लेट-सात हा वाढीला आवर घालणारा आहे. तो कमी झाला की पेशींच्या वाढीचा लगाम सैल होतो. उलट सूक्ष्म आर.एन.ए.-एकवीस हा कर्करोगाच्या अनेक जातींत, जठराच्या कर्करोगातही, वाढलेला आढळतो आणि वाढ रोखणाऱ्या प्रथिनांनाच तो दाबतो. २००७ मध्ये सापडलेला हॉटएअर नावाचा लांब आर.एन.ए. तर जनुकांना कुलूप लावणाऱ्या यंत्रणेला भलत्याच दारावर नेऊन उभे करतो. त्याचे प्रमाण जास्त असलेल्या गाठींचा रोग अधिक पसरतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे.

ही तपासणी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरही करतात. एखादा आर.एन.ए. बंद पाडून पेशी कशी वागते ते पाहतात. पेशी अशा शरीराबाहेर वाढवण्याची आपल्या देशातली पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभारली, ती डॉ. कमल रणदिवे या पुण्यात जन्मलेल्या मराठी बाईंनी. तेव्हा हे शास्त्र आपल्याला अगदीच परके आहे असे नाही.

जठराच्या कर्करोगापुरते एक उदाहरण देतो. २०१० मध्ये जपानी रोग्यांच्या जठराच्या ३५३ नमुन्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत कोणते सूक्ष्म आर.एन.ए. किती आहेत हे मोजले आणि पुढे रोग्यांचे काय झाले ते त्याशी ताडून पाहिले. लेट-सातच्या कुळातला एक सूक्ष्म आर.एन.ए. ज्यांच्या गाठीत कमी होता, त्यांना पुढच्या काळात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट दिसला. विशेष म्हणजे रोग किती खोल गेला, किती पसरला हे सारे हिशेबात धरूनही हा फरक उरला. म्हणजे डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नाही, असे काहीतरी ही खूण सांगत होती.

अशी खूण म्हणजे शरीरातली मोजता येणारी एखादी गोष्ट. तिचे तीन प्रकार नीट वेगळे ठेवले पाहिजेत. एक खूण रोग आहे की नाही हे सांगते. दुसरी खूण, रोग आहे हे कळल्यावर, तो पुढे कसा चालेल याचा अंदाज देते. तिसरी खूण कोणत्या रोग्याला कोणते औषध लागू पडेल ते सांगते. जपानी अभ्यासातली खूण दुसऱ्या प्रकारची. तिसऱ्या प्रकारचे उदाहरणही जठराच्या कर्करोगात आहे. हर-टू नावाचे प्रथिन काही गाठींवर फार असते. अशा पुढच्या अवस्थेतल्या रोग्यांना नेहमीच्या औषधांबरोबर त्या प्रथिनावर नेमके बसणारे औषध दिले, तेव्हा जगण्याचा मध्यम काळ ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेला, असे २०१० च्या मोठ्या चाचणीत दिसले. ही खूण आज मोठ्या रुग्णालयांत रोज तपासली जाते. आर.एन.ए.च्या खुणा अजून तेथवर पोचलेल्या नाहीत.

आणि आता मुख्य मुद्दा. पुढचे सांगणारी खूण म्हणजे भविष्य नव्हे. आपल्या वऱ्हाडात अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पावसापाण्याचे भाकीत ऐकायला लोक जमतात. पुढचे सांगणारी खूण ही त्या जातीची नव्हे. ती आहे पैसेवारीच्या जातीची. जुनी मंडळी तिला आणेवारी म्हणत. गावातले काही ठरावीक तुकडे कापून, पीक मोजून सबंध गावाची पैसेवारी काढतात. समजा ती पन्नास पैशांच्या खाली आली. म्हणजे गावात प्रत्येकाचे वावर बुडाले असा अर्थ होतो काय? नाही. नाल्याकाठच्या एखाद्याला चांगले पीक आलेले असते, आणि पैसेवारी चांगली असूनही एखाद्याच्या हाती काहीच लागत नाही. पैसेवारी खोटी नसते. पण ती गावाविषयी बोलते, माणसाविषयी नव्हे.

रोगाच्या खुणेचेही तसेच आहे. "धोका अडीच पट" याचा अर्थ, अशी खूण असलेले शंभर रोगी आणि नसलेले शंभर रोगी यांची तुलना केली तर पहिल्या शंभरांत मृत्यू लवकर आणि अधिक होतात. त्यांतला आपला माणूस कोणता, हे ती सांगत नाही. म्हणून "किती दिवस" या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणारी तपासणी आज कोठेही नाही. कोणी पैसे घेऊन तसे सांगत असेल, तर तो शास्त्र सांगत नाही. मग या खुणेचा उपयोग काय? उपयोग असा की, शस्त्रक्रियेनंतर कोणाला अधिक जोमाचे औषध द्यावे आणि कोणाला त्या औषधाचा त्रास व खर्च टाळता येईल, हे ठरवायला ती उद्या मदत करू शकेल. घटमांडणी ऐकून मनुष्य हात जोडून बसतो. पैसेवारी ऐकून मदतीची तजवीज करतो. फरक तेवढाच, पण मोठा आहे.

"उद्या" असे मी म्हटले. आज का नाही? याला कारणे आहेत. २००८ मध्ये दिसून आले की सूक्ष्म आर.एन.ए. रक्तातही टिकून राहतो. मग साऱ्यांना वाटले, आता बोटभर रक्तावर काम भागेल. पण रक्त काढताना किंवा नेताना त्यातल्या लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलाच आर.एन.ए. रक्तात मिसळतो आणि मोजणी फसते. धारणीहून रक्ताची नळी घाटातून अमरावतीला न्यायची तर सुमारे दीडशे किलोमीटरचे धक्के. मग हा मुद्दा नुसता कागदी राहत नाही. दुसरे कारण, एका प्रयोगशाळेचे माप दुसरीशी जुळत नाही आणि "जास्त" म्हणजे किती, हे जो तो आपापले ठरवतो. तिसरे, पुष्कळ अभ्यास थोड्या रोग्यांवर आणि मुख्यतः चीन-जपान-कोरियात झालेले आहेत. तेथला निष्कर्ष आपल्या माणसांना जसाच्या तसा लागू पडेल असे धरून चालता येत नाही.

एखादी तपासणी प्रयोगशाळेतून गावापर्यंत यायला काय करावे लागते, याचा धडा आपल्या महाराष्ट्रातच आहे. तो कर्करोग वेगळा, तपासणीही वेगळी. पण वाट तीच. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. त्या विषाणूची तपासणी केली तर स्त्रियांचे प्राण वाचतात काय, हे पाहण्यासाठी १९९९ मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात काम सुरू झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते केले. खेड्यांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया. कोणत्या गटाला कोणती तपासणी, हे सोडतीने ठरवले. आठ वर्षे पाठपुरावा केला. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया गेल्या. नेहमीच्याच सोयीवर राहिलेल्या, आकाराने थोड्या लहान गटात ६४ गेल्या. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. जगभरच्या डॉक्टरांनी हा निकाल मानला, कारण त्यामागे हजारो शेतकरी स्त्रियांची दहा वर्षांची साक्ष होती. जठराच्या कर्करोगाच्या आर.एन.ए. खुणांची अशी कसोटी अजून व्हायची आहे.

मग आज आपल्या हाती काय आहे? श्रोतेहो, आज जठराच्या कर्करोगात पुढचे सांगणारी सर्वांत भरवशाची गोष्ट जुनीच आहे, आणि ती म्हणजे रोग कोणत्या पायरीवर सापडला. अस्तरापुरता असताना सापडला आणि काढून टाकला, तर जपानसारख्या देशात शंभरांतले नव्वदांहून अधिक रोगी पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. इतर अवयवांत पसरल्यावर सापडला, तर फार थोडे. आणि पायरी ही अशी खूण आहे की जी आपल्या वागण्याने बदलू शकते.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. पोट दुखणे, जळजळ, गॅस हे सर्वांनाच होते आणि बहुतेक वेळा त्यात कर्करोगाचा संबंध नसतो. पण दोन घासांतच पोट भरू लागले, वजन उतरत चालले, वरचेवर उलट्या होऊ लागल्या, शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले, घास अडकू लागला, अंगातले रक्त कमी झाले, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेला पोटाचा त्रास दोन-तीन आठवड्यांत हटला नाही, तर दुकानातली गॅसची गोळी घेत महिने काढू नका. गोळीने आग थांबते, कारण थांबत नाही. भुमकाकडे जायचे असेल त्याने जावे. त्याचा मान त्याला. पण त्याच आठवड्यात दवाखानाही गाठावा. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथून पुढची वाट कळेल. खरी तपासणी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहणे आणि संशयास्पद जागेचा कणभर तुकडा काढून तपासणे. तिची भीती बाळगू नये. उपचारासाठी नागपूरला आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. वावर विकायला काढण्याआधी त्या योजनेची चौकशी जरूर करावी.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक सांगायचे आहे. बार्शीच्या परिसरात १९८७ पासून कर्करोगाच्या रोग्यांची नोंद ठेवण्याचे काम चालू आहे. खेड्यांसाठी अशी नोंदणी आपल्या देशात प्रथम तेथे झाली. नोंद घेणारे कार्यकर्ते ३४६ गावांतून फिरत आणि फिरता फिरता रोगाची लक्षणे लोकांना समजावून सांगत. काही वर्षांनी असे दिसले की गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. कार्यकर्त्यांनी नवे यंत्र आणले नव्हते की नवे औषध. ते फक्त बोलले होते, लोकांच्या भाषेत आणि पुन्हा पुन्हा. शाळेच्या ओट्यावर, पालकसभेत, बाजाराच्या दिवशी हे बोलणे आपणही करू शकतो. मेळघाटात ते कोरकूतून झाले तर अधिकच चांगले. आर.एन.ए.चे शास्त्र पुढे जाईल तेव्हा जाईल; तोवर वेळेवर दवाखान्यात पोचलेला प्रत्येक माणूस आपल्या रोगाची पायरी आपल्या हाताने बदलून घेत असतो.